विज्ञान आणि निसर्गाची पुस्तकं वाचताना या चुका टाळा (माझ्या सगळ्या करून झाल्यात)

आमच्या सोसायटीत महिन्यातून एकदा आम्ही आठ-दहा जण गच्चीवर पुस्तकं घेऊन जमतो, चहा असतो, भेळ असते, आणि दर वेळी कुणीतरी म्हणतंच की बाबा रे, कथा-कादंबरी सांग, ती सायन्सवाली पुस्तकं मला झेपत नाहीत, चार पानं झाली की डोळे मिटायला लागतात. आधी मला वाटायचं की गणिताची भीती असेल. पण पाच-सहा वर्षं हे ऐकल्यावर माझं मत असं झालंय की आपण ही पुस्तकं पोथीसारखी वाचतो, म्हणजे पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, मधलं काही गाळायचं नाही, लिहिणारा कोण, कुठला, कुठल्या साली लिहिलं हे विचारायचं नाही आणि छापलंय म्हणजे खरंच असणार. पोथीला ते चालतं, इथे चालत नाही.

साल न बघणं, ही सगळ्यात मोठी चूक

कादंबरी १९७० ची असो की २०२० ची, काय फरक पडतो. विज्ञानाच्या पुस्तकात मात्र पहिला प्रश्न हाच, हे कधी लिहिलंय? मुखपृष्ठानंतर बारीक टायपात ते पान असतं ना, प्रकाशक, मुद्रक, आवृत्ती वगैरे, जे आपण सगळे उलटून पुढे जातो, तेच आधी वाचायचं. आणि त्यातही आवृत्ती वेगळी, पुनर्मुद्रण वेगळं. २०१९ चं पुनर्मुद्रण असेल पण मजकूर १९८८ चा असेल तर ते पुस्तक १९८८ चंच.

प्लूटोचं उदाहरण आता सगळ्यांना माहितीये, २००६ च्या ऑगस्टमध्ये त्याला ग्रहांच्या यादीतून काढलं आणि घरातली निम्मी मुलांची पुस्तकं एका दिवसात जुनी झाली. ते सोडा. मला जास्त आवडतं ते रानपिंगळ्याचं उदाहरण, कारण ते आपल्या खानदेशातलं आहे. हा छोटा घुबडाच्या जातीचा पक्षी, १८८४ नंतर त्याचा खात्रीचा पत्ताच नव्हता, त्यामुळे तो नामशेष झाला असावा असं धरून चालले होते. मग १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकी पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या साथीदारांना तो शहाद्याजवळ दिसला, जिवंत, दिवसाढवळ्या झाडावर बसलेला. ११३ वर्षांनी! आणि एवढा वेळ का लागला त्याची गोष्ट तर अजून भारी आहे. मधे एक नमुना होता, म्हणजे म्युझियमसाठी भरून ठेवलेला मेलेला पक्षी, रिचर्ड माइनर्ट्झहॅगन नावाच्या ब्रिटिश साहेबाने १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीला मिळाला असं सांगितलेला, म्हणून शोधणारे तिकडे शोधत राहिले. पुढे कळलं की साहेबाने तो म्युझियममधूनच ढापला होता, जुना नमुना पुन्हा नीट भरून त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती. आता सांगा, त्या काळातल्या एखाद्या प्रामाणिक लेखकाने आपल्या पुस्तकात '१९१४ मध्ये गुजरातेत सापडला' असं लिहिलं असेल तर त्याची काय चूक? पण तुम्ही आज ते वाचून मित्राशी पैज लावलीत तर तुम्ही हरणार.

उलटं उदाहरण गिधाडांचं. जुन्या पक्षी पुस्तकांत पांढऱ्या पाठीचं गिधाड म्हणजे अगदी कुठेही दिसणारा पक्षी. नव्वदच्या दशकात ती मरायला लागली, २००४ मध्ये कारण कळलं, गुरांना दुखण्यावर देतात ते डायक्लोफिनॅक. मेलेल्या गुराच्या मांसातून ते गिधाडाच्या पोटात गेलं की मूत्रपिंडं निकामी. २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी ते औषध बंद झालं, पण तोपर्यंत ९९ टक्क्यांहून जास्त गिधाडं गेली होती. माझ्याकडे रद्दीतून घेतलेलं एक पक्षी पुस्तक आहे, आधीच्या मालकाने समासात पेन्सिलीने काय काय लिहून ठेवलंय, गिधाडाच्या पानावर नुसतं '४०+, खाटीकखान्यामागे'. म्हणून जुनी पुस्तकं टाकून द्या असं मी अजिबात म्हणत नाहीये, उलट ती ठेवाच, फक्त आजची माहिती म्हणून वाचू नका, तेव्हा काय होतं ते कळायला वाचा.

आकडे नुसते गिळणं

हा खास मराठी वाचकांचा प्रॉब्लेम. इंग्रजीत मिलियन-बिलियन, आपल्याकडे लाख-कोटी-अब्ज, आणि मधे भाषांतर करणारा घाईत. डायनोसॉर ६६ मिलियन वर्षांपूर्वी संपले म्हणजे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. मी स्वतः एका पुस्तकात '६६ लाख वर्षांपूर्वी' वाचलंय. ६६ लाख म्हणजे साधारण आपले आणि चिंपांझीचे पूर्वज एकमेकांपासून वेगळे होत होते तो काळ, त्या हिशोबाने आपल्या खापरपणजोबांनी डायनोसॉरला हाकललं असतं.

त्यामुळे एका चिठ्ठीवर लिहून बुकमार्क म्हणून ठेवा: मिलियन म्हणजे १० लाख, बिलियन म्हणजे १०० कोटी, ट्रिलियन म्हणजे लाख कोटी. विश्वाचं वय १३.८ बिलियन म्हणजे १३८० कोटी वर्षं, पृथ्वीचं साधारण ४५४ कोटी. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ ओतला गेला तो साधारण त्या डायनोसॉर संपायच्याच सुमाराला, हे एक लक्षात ठेवलं तरी बाकीचे आकडे त्याच्या आजूबाजूला लावता येतात. आणि जुनं ब्रिटिश पुस्तक असेल, म्हणजे १९७४ च्या आधीचं, तर त्यातला बिलियन हा मिलियन गुणिले मिलियन असू शकतो, म्हणजे थेट हजार पट फरक. प्रकाशवर्ष हे अंतर आहे, काळ नाही, हे लिहायची खरं तर गरज नसावी पण गच्चीवरचा अनुभव वेगळा आहे.

भाषांतरातले प्राणी आपल्या अंगणात शोधणं

इंग्रजी फॉक्सचा सर्रास 'कोल्हा' करतात. आपला कोल्हा म्हणजे जॅकल, फॉक्स म्हणजे खोकड, दोन वेगळे प्राणी. बिबट्याला चित्ता म्हणणं तर इतकं रुळलंय की २०२२ च्या सप्टेंबरमध्ये मध्य प्रदेशातल्या कुनोला आफ्रिकेतून चित्ते आणले तेव्हा आमच्याकडचे एक काका म्हणाले, अरे चित्ता काय, जुन्नरला उसात केवढे आहेत!

सशाचं तर विचारूच नका. परदेशी गोष्टींतला रॅबिट बीळ करून राहतो. आपल्या माळावरचा ससा हा हेअर, तो बीळ करत नाही, गवतात अंगापुरता खळगा करून त्यात दबून बसतो. लहानपणी भाषांतरित पुस्तक वाचून मी मामाच्या शेतात बांधाच्या प्रत्येक बिळात ससा शोधलाय, मामा काही बोलला नाही, फक्त आजीला सांगितलं की याला आवरा, एखाद्या दिवशी धामण निघेल.

ऋतूंचंही तसंच. युरोपातल्या निसर्ग पुस्तकात घरटी म्हटलं की वसंत. आपली सुगरण पावसाळ्यात विणते. तेव्हा लेखक कुठे बसून लिहितोय ते बघा आणि मग दुर्बीण घेऊन बाहेर पडा.

ललित पुस्तकाला ओळख-पुस्तक समजणं (आणि उलट)

मारुती चितमपल्लींचं लिखाण घेऊन पक्षी ओळखायला निघालेला माणूस मी बघितलाय. अहो ते जंगलात राहिलेल्या माणसाचं सांगणं आहे, ते रात्री शांतपणे वाचायचं, त्यातले शब्द चघळायचे. बगळ्यांच्या वसाहतीला 'सारंगागार' आणि कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार' असे शब्द त्यांनी मराठीला दिले, हे शब्द कळायला घाई करून कसं चालेल. पक्षी ओळखायचा तर चित्रांचं, आकार-आवाज-अधिवास दिलेलं पुस्तक घ्या. सलीम अलींचं भारतीय पक्ष्यांचं इंग्रजी पुस्तक १९४१ ला आलं आणि पुढे त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या त्या याच कामासाठी. ते मात्र सलग वाचायला बसलात तर झोप येणारच, डिक्शनरी सलग वाचतं का कुणी?

इथे एक गंभीर गोष्ट. सापांच्या पुस्तकातला फोटो बघून हातात साप धरू नका. बिनविषारी कवड्या आणि विषारी मण्यार फोटोत एकसारखे वाटतात, घोणस आणि डुरक्या घोणस यांत भलेभले फसतात. चावला तर पुस्तक उघडत बसायचं नाही, १०८ लावायचा आणि सरळ दवाखाना.

लेखकाचं मत आणि विज्ञानाचं मत एकच धरणं

२०२५ च्या मे महिन्यात जयंत नारळीकर गेले आणि महिन्याभरात जूनमध्ये चितमपल्लीही गेले, तेव्हा आमच्या गच्चीवर सगळ्यांनी दोघांचीच पुस्तकं आणली होती. त्यात एकीने विचारलं की अहो, नारळीकर सर तर महास्फोटावर, म्हणजे बिग बँगवर, शंका घेतात, मग शाळेत शिकवतात ते खोटं का? प्रश्न एकदम बरोबर आहे. नारळीकर हे ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल यांच्यासोबत स्थिर विश्वाच्या, म्हणजे विश्वाला महास्फोटासारखी सुरुवात नाही या बाजूचे, ते त्यांनी कधी लपवलं नाही, मुद्दे मांडून भांडले. पण बहुतेक खगोलशास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूने आहेत, हेही तितकंच खरं. म्हणजे लेखक कितीही मोठा असो, 'बहुतेकांना असं वाटतं' आणि 'मला असं वाटतं' ही वाक्यं पेन्सिलीने वेगळी करत वाचायचं. चांगला लेखक हे स्वतःच सांगतो, आपणच ते शब्द गाळून पुढे पळतो.

शीर्षकावरून पुस्तक संपवणं

रिचर्ड डॉकिन्सचं 'द सेल्फिश जीन', म्हणजे 'स्वार्थी जनुक', १९७६. न वाचता लोक सांगतात की यात माणूस जन्मतःच स्वार्थी असतो असं लिहिलंय. नाहीये तसं. स्वार्थ जनुकाचा, आणि त्यातूनच प्राणी एकमेकांना मदत का करतात हे त्यात समजावलंय. पुढे तिसाव्या वर्षाच्या आवृत्तीत डॉकिन्सनेच म्हटलं की 'अमर जनुक' हे नाव बरं पडलं असतं.

डार्विनचंही तेच. 'सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट' हे शब्द ब्रिटिश विचारवंत हर्बर्ट स्पेन्सरचे, डार्विनच्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'च्या १८५९ च्या पहिल्या आवृत्तीत नाहीतच, ते आले १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत. आणि आपण त्याचं मराठी करतो 'बळी तो कान पिळी', म्हणजे पूर्ण वाट. फिट म्हणजे त्या जागी, त्या परिस्थितीत बसणारा, दांडगा नव्हे. दांडगे डायनोसॉर गेले, झुरळं आहेत.

सगळ्यात गाजलेल्या पुस्तकापासून सुरुवात करणं

स्टीफन हॉकिंग, 'अ ब्रीफ हिस्टरी ऑफ टाइम', १९८८. प्रत्येक समीकरणागणिक खप निम्मा होईल असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, म्हणून त्यांनी एकच समीकरण ठेवलं, आइनस्टाइनचं. खप तुफान झाला. वाचून किती जणांनी संपवलं हा वेगळा विषय, लोक कुठे वाचायचं सोडतात याचा गमतीगमतीत एक निर्देशांक २०१४ मध्ये गणितज्ञ जॉर्डन एलेनबर्गने काढला तर त्याला नावच हॉकिंगचं दिलं!

तुम्हीही अडकला असाल तर उपाय आहेत. एक, २००५ मध्ये हॉकिंगनी लिओनार्ड म्लोदिनोवसोबत त्याचीच सोपी, छोटी आवृत्ती काढली, ती घ्या. दोन, पहिली तीन प्रकरणं वाचून चौथं-पाचवं डोक्यावरून जात असेल तर बिनधास्त सोडा आणि सहाव्यावर या, तिथे कृष्णविवरं आहेत, तिथे मजा आहे. तीन, विश्वाचं प्रसरण वाचताना लक्षात ठेवा की प्रसरणाचा वेग वाढतोय हे १९९८ मध्ये कळलं, पुस्तक त्याच्या दहा वर्षं आधीचं. आणि एक पान वाचून झालं की पुस्तक मिटून घरातल्या कुणालातरी दोन वाक्यांत सांगून बघा. सांगता आलं नाही तर ते पान परत, पुढचं नाही. आमच्या घरी हा प्रयोग आईवर होतो, ती भाजी निवडताना ऐकून घेते आणि बरोबर जिथे मला कळलेलं नसतं तिथेच 'म्हणजे?' विचारते. चौथं प्रकरण अजून तिच्यापर्यंत गेलेलं नाही.