शहर चालण्यासारखं व्हायला हवंय? मग प्लॅन बनतानाच बोला

फुटपाथ बांधून झाल्यावर तक्रार करून फार काही होत नाही, पालिकेचा रस्त्याचा नकाशा कच्चा असतो तेव्हाच बोलायचं. हरकती-सूचनांची मुदत कधी संपते ते आधी बघून ठेवा, ती गेली की मग फक्त चडफडत बसावं लागतं.

पण त्या प्लॅनवरच्या मीटिंगला जायच्या आधी रस्ता चालून बघा, आणि एकट्याने नको. एक आजी, एक शाळकरी पोरगं, कोणी व्हीलचेअरवरचं, बाबागाडी ढकलणारी आई असे चार-पाच जण घ्या, कारण धडधाकट माणसाला जो छोटा उंचवटा दिसतसुद्धा नाही तिथेच व्हीलचेअर अडते. सोबत मोजायची टेप ठेवा. दोन व्हीलचेअर शेजारून जायला साधारण १.८ मीटर मोकळी जागा लागते, खांब, झाड, पार्क केलेल्या बाइक सोडून. सिग्नलला स्टॉपवॉच लावा, त्याची वेळ ठरवताना बऱ्याच ठिकाणी चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरतात, म्हणजे १२ मीटरचा रस्ता १० सेकंदात, पण आजी ०.८ ने चालत असतील तर त्यांना १५ लागतात, म्हणजे त्या मध्येच अडकणार. हा पाच सेकंदांचा फरकच मीटिंगमध्ये मांडायचा, "फार त्रास होतो" म्हणण्यापेक्षा त्याचा खूप उपयोग होतो.

रात्री पण एक फेरी माराच, दिवे कुठे नाहीत ते तेव्हाच कळतं.

दुकानदार, फेरीवाले यांनाही आधीच भेटा, त्यांना विरोधक समजू नका प्लीज. सूचना लेखी द्या, फोटो जोडा, पोच घ्या आणि महिन्याभराने पुन्हा विचारा.