छोट्या व्यवसायाचे वेब ॲप कोठे ठेवावे: बेळगाव परिसरासाठी मार्गदर्शन

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील पतसंस्था, साड्यांची दुकाने आणि उद्यमबागेतील लहान कारखाने आता स्वतःची वेब ॲप करून घेऊ लागले आहेत. ॲप लिहून देणारा गावातच मिळतो. पण ते कोणत्या सेवेवर ठेवायचे हा प्रश्न शेवटच्या दिवसापर्यंत कोणी विचारत नाही, आणि मग जे फुकट मिळते ते घेतले जाते. व्यवसायाच्या ॲपसाठी दरमहा ठरावीक बिल येणारा एक लहानसा सशुल्क प्लॅन घ्यावा, आणि ती सेवा सोडायची वेळ आली तर दिवसभरात दुसरीकडे जाता येईल अशी बांधणी पहिल्यापासून ठेवावी, असे माझे ठाम मत आहे.

आधी ॲपला सर्व्हर, म्हणजे मागणी येताच ॲपचा कोड चालवणारा सतत चालू संगणक, लागतो का, ते पाहावे. नुसती माहिती, छायाचित्रे आणि संपर्काची पाने असतील तर क्लाउडफ्लेअर पेजेस किंवा नेटलिफायचा मोफत प्लॅन पुरेसा आहे. व्हर्सेलचा मोफत प्लॅन मात्र अव्यावसायिक वापरापुरताच आहे, त्यामुळे दुकानासाठी तो घेणे नियमात बसत नाही.

लॉगिन, नोंदी, पावत्या आल्या की सर्व्हर आणि डेटाबेस (नोंदी साठवणारी प्रणाली) दोन्ही लागतात. अशा वेळी रेंडर, फ्लाय, हेरोकू, डिजिटलओशनचे ॲप प्लॅटफॉर्म यांसारख्या सेवा सोयीच्या ठरतात. कोड गिटवर (कोडच्या सर्व आवृत्त्या जपणाऱ्या साठ्यावर) चढवला की त्यापासून चालणारे ॲप तयार करणे, एसएसएल प्रमाणपत्र (सुरक्षित जोडणीसाठी लागणारे) आणि नवी आवृत्ती चालू करणे ही कामे त्या स्वतःच करतात. हेरोकूने नोव्हेंबर २०२२ मध्ये मोफत प्लॅन बंद केले, तेव्हा त्यावर विसंबलेल्या असंख्य लहान ॲपना घाईघाईने दुसरी जागा शोधावी लागली. रेंडरचा मोफत सर्व्हर पंधरा मिनिटे कोणी आले नाही की झोपतो आणि पुन्हा जागा व्हायला मिनिटभर घेऊ शकतो. शहापूरच्या साडी दुकानाने व्हॉट्सॲपवर पाठवलेली लिंक ग्राहकाने उघडली आणि मिनिटभर कोरा पडदाच दिसला, तर ती व्यक्ती थांबत नाही, पुढच्या दुकानाची लिंक उघडते. वाचलेल्या काही शे रुपयांपेक्षा हे नुकसान मोठे आहे.

सर्व्हर कोणत्या शहरात आहे, हेही पाहावे. डिजिटलओशनचे केंद्र बेंगळुरूत आहे; फ्लाय, ॲमेझॉन आणि गुगल यांची मुंबईत आहेत; रेंडरचे सर्वांत जवळचे सिंगापूरला आहे. ग्राहकापासूनच्या अंतरापेक्षाही ॲप आणि डेटाबेस यांच्यातले अंतर अधिक घातक असते. एका पानासाठी डेटाबेसला एकामागून एक वीस प्रश्न जात असतील आणि ॲप मुंबईत व डेटाबेस अमेरिकेत असेल, तर प्रत्येक फेरीला सुमारे २०० मिलिसेकंद धरून ते पान उघडायला चार सेकंद लागतात. मोफत डेटाबेस मिळतो म्हणून तो दुसऱ्या खंडात घेऊ नये.

आपल्या भागात आणखी एक अडचण हमखास येते. पावती मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत हवी असते, ती विकसकाच्या लॅपटॉपवर नीट दिसते, आणि सर्व्हरवर पीडीएफ तयार झाली की अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन येतात. सर्व्हरवर ॲप ज्या बंदिस्त कप्प्यात चालते त्या कंटेनरमध्ये या लिप्यांचे फॉन्टच बहुधा नसतात, हे त्याचे कारण. त्यामुळे स्वतःची डॉकरफाइल, म्हणजे कंटेनरमध्ये काय काय बसवायचे याची यादी, चालवू देणारी सेवाच निवडावी आणि त्या फाइलमधून नोटो हे मोफत फॉन्ट बसवून घ्यावेत. पीडीएफसाठी पडद्यामागे क्रोम चालवत असाल तर ५१२ एमबी मेमरी बहुधा कमी पडते आणि ॲप मध्येच बंद पडते; तेथे एक जीबीचा प्लॅन घ्यावा. डॉकरफाइलचा दुसरा फायदा असा, की सेवा बदलताना तीच फाइल नव्या ठिकाणी बहुतांशी तशीच चालते.

लोड वाढण्याची चिंता बहुतेक जण फार लवकर करतात. लग्नसराई, दिवाळी किंवा संस्थेची लाभांश वाटणी अशा दिवसांत गर्दी होते, एरवी एक लहान सर्व्हर निवांत चालतो. गर्दीपुरता मोठा प्लॅन घेऊन नंतर खाली येणे हा सर्वांत साधा मार्ग आहे, आणि बहुतेकांना तेवढाच लागतो. त्यापुढे गर्दी वाटून घेण्यासाठी ॲपच्या अनेक प्रती एकाच वेळी चालवायच्या असतील तर आधी दोन गोष्टी ॲपबाहेर न्याव्या लागतात. लॉगिनची नोंद एका प्रतीच्या मेमरीत असेल तर दुसऱ्या प्रतीवर गेलेल्या ग्राहकाला पुन्हा लॉगिन करावे लागते. तसेच साड्यांचे फोटो सर्व्हरच्याच डिस्कवर ठेवले असतील तर अशा बहुतेक सेवांवर नवी आवृत्ती चढवताच ते नाहीसे होतात, कारण ती डिस्क तात्पुरती असते. फोटो ऑब्जेक्ट स्टोरेजमध्येच, म्हणजे फाइलींसाठीच्या वेगळ्या कायमस्वरूपी साठवण सेवेत, ठेवावेत. ॲप डेटाबेसशी एका वेळी किती जोडण्या उघडते, याचाही हिशेब करावा. पोस्टग्रेस या प्रचलित डेटाबेसची मूळ मर्यादा १०० जोडण्यांची आहे आणि प्रत्येक प्रत वीस जोडण्या धरून बसत असेल, तर पाच प्रतींतच ती संपते.

स्वतःचा व्हीपीएस (भाड्याने मिळणारा, आपणच सांभाळायचा सर्व्हर) घेऊन त्यावर डोक्कू किंवा कूलिफाय ही वरच्या सेवांसारखीच कामे करणारी मोफत सॉफ्टवेअर बसवणे स्वस्त पडते. मात्र अद्ययावतीकरण, फायरवॉल आणि बॅकअप यांची जबाबदारी घेणारी एक ठरलेली व्यक्ती नसेल तर त्या वाटेने जाऊ नये.

बिलाचे गणित रुपयांत मांडावे. दरमहा सात डॉलरचा प्लॅन, डॉलरचा दर ८५ रुपये धरल्यास, ५९५ रुपयांचा होतो आणि १८ टक्के जीएसटी मिळवल्यावर सुमारे ७०२ रुपयांचा. डेटाबेसचे पैसे बहुधा वेगळे असतात. वापरानुसार आकारणी असेल तर खर्चाची मर्यादा घालता येते का, हे खाते उघडण्याआधी तपासावे, कारण अनेक ठिकाणी नुसती सूचना येते, आकारणी थांबत नाही. परदेशी कंपनीला कार्डावरून दरमहा आपोआप पैसे जाणे रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२१ पासूनच्या नियमांमुळे कधी कधी अडते. म्हणून आगाऊ रक्कम भरता येणारी सेवा मिळाल्यास तिला प्राधान्य द्यावे.

खाते, डोमेन (संकेतस्थळाचा पत्ता) आणि गिटमधील कोड हे तिन्ही मालकाच्या किंवा संस्थेच्या ईमेलवर असावेत, विकसकाच्या नव्हे. आपल्याकडची मुले शिक्षण संपले की पुण्याला किंवा बेंगळुरूला नोकरीला जातात, आणि त्यांच्या जुन्या ईमेलवर अडकलेले खाते सोडवताना संस्थेचे कामकाज थांबते. पहिल्याच महिन्यात, विकसक अजून हाताशी असताना, डेटाबेसचा बॅकअप उतरवून घ्यावा, तो दुसऱ्या संगणकावर चढवून ॲप त्यावर चालते का ते पाहावे, आणि त्याच्या पायऱ्या मराठीत लिहून कार्यालयाच्या फाइलमध्ये लावून ठेवाव्यात.