बुके डिलिव्हरीच्या धंद्यात उतरताय? आधी फुलाला पाणी पिऊ द्या

लातूरात बुके डिलिव्हरीचं काम सुरू करायचंय म्हणून बरेच पोरं विचारायलेत, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. पेपर गुंडाळणं, रिबन, सेलोटेप हे तुम्हाला येत असंलच, नसलं येत तरी हात बसतो. त्यासाठी पैसे भरून कोर्स करू नका, सर्टिफिकेट बघून कुणी बुके घेत नाही. एखाद्या जुन्या फुलवाल्याकडं एक लग्नसराई काढा, पगार कमी दिला तरी चालंल. फक्त एक ध्यानात ठेवा, उस्ताद तोंडानं काही सांगत नसतो. त्याच्या बादल्यांकडं बघायचं.

बादल्यांचं काहून म्हणतोय ते ऐका. आपल्याकडं डच गुलाब आणि जरबेरा बहुतेक पुण्याच्या मार्केट यार्डातून नाहीतर हैदराबादकडून रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत येतो. रात्रभर कोरडा, खोक्यात दाबलेला. सकाळी खोकं उघडलं की कळ्या एकदम टवटवीत दिसतात आणि नवा माणूस तिथंच फसतो, कारण सकाळी दहा वाजताची ऑर्डर डोक्यावर असते, तो लगेच बांधतो आणि पाठवून देतो, दुपारी गिऱ्हाइकाचा फोन येतो की गुलाबांनी माना टाकल्या. मला तर किती दिवस वाटायचं मालच खराब, व्यापाऱ्याशी भांडण व्हायचं. माल चांगलाच होता.

होतं काय, दांडी कापून कोरडी राहिली की तिच्या बारीक नळ्यांत हवा शिरते. मग बादलीत ठेवलं तरी पाणी वर चढत नाही, फूल भरल्या बादलीत तहानलेलं राहतं. म्हणून खोकं फोडलं की पहिलं काम, कात्री नको, धारदार चाकूच घेऊन प्रत्येक दांडी खालून इंचभर तिरकी कापायची, जमलं तर पाण्याच्या आतच. पाण्यात बुडणारी पानं सगळी काढायची, ती सडली की पाणी नासतं. मग तीन-चार तास सावलीत, फॅनखाली अजिबात नाही. गुलाबाला खोल पाणी. जरबेऱ्याला मात्र चार बोटंच, त्याची दांडी मऊ असते, लगेच कुजते. बोअरचं जड पाणी टाळा, फिल्टरचं वापरा, बादली रोज घासा. ॲस्पिरिनच्या गोळ्या टाकणारे लई भेटतील, त्यांना म्हणावं ती डोकं दुखल्यावर खा.

म्हणजे दहाच्या ऑर्डरीचा माल आदल्या दिवशीच दुकानात पाहिजे. मेमध्ये पारा ४० च्या वर असताना ह्यात एक तासाचीही सूट नाही, हे मी स्पष्ट सांगतो. पण घाबरू पण नका. मान टाकलेला गुलाब मेलेला नसतो. दांडी परत कापा, फुलं जुन्या पेपरात सरळ घट्ट गुंडाळा आणि मानेपर्यंत पाण्यात उभी करा, तास-दोन तासात बरीच उठतात. नाही उठली ती पाकळ्यांसाठी ठेवा, लग्नाच्या हॉलवाले घेतात.

फ्रिज घेतला तर त्यात आंबे-केळी ठेवू नका, पिकणाऱ्या फळातून जो वायू निघतो त्यानं फुलं, त्यातल्या त्यात कार्नेशन, लवकर उतरतात. लिली उमलली की आतले केशरी पराग काढून टाका, नाहीतर कुणाची तरी पैठणी जाते आणि मग तुम्ही गेलात.

डिलिव्हरीचं थोडक्यात. ट्यूशन एरियातल्या हॉस्टेलला बर्थडेचा बुके असंल तर पोरगी क्लासला असते, वॉर्डन आत घेत नाही, दुपारी जाऊन काही फायदा नाही, क्लास कधी सुटतो ते ऑर्डर घेतानाच विचारा. सरप्राइज आहे म्हणून पाठवणारा घेणाऱ्याचा नंबर देत नाही, तरी मागाच, फोन करणार नाही म्हणावं, पण कुलूप दिसलं तर लागतो.

ऑनलाइन पोर्टलच्या ऑर्डरी सुरुवातीला बऱ्या वाटतात पण कमिशन कापून हातात उरतं त्यात फोटोतला बुके बसत नाही, आणि फोटोत असतात ऑर्किड जे त्या दिवशी आपल्या बाजारात नसतात. बदली फूल टाकायचं असंल तर आधी विचारायचं, तयार बुकेचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा, तिकडून हो आलं की मगच पोरगं गाडीवर बसवायचं.