फेमस ठिकाणी जाऊन "हेच का ते?" म्हणायची वेळ येऊ नये म्हणून आधी काय करायचं

मागच्या मे महिन्यात पुण्याहून माझा मावसभाऊ बायकापोरांसकट आमच्याकडं सोलापूरला आला, मोबाईलमध्ये नळदुर्ग किल्ल्यातल्या नर-मादी धबधब्याची रील सेव्ह करून, आणि आल्या आल्या म्हणाला उद्या सकाळी तिकडंच. मी म्हटलं अरे मे आहे, बोरी नदीला पाणी नाही, बंधाऱ्यावरून पडणार काय? पण पोरांनी हट्ट धरला, मग गेलो, हैदराबाद रोडला पाऊण-एक तासावर तर आहे. ऊन असं होतं की किल्ल्याच्या दगडावर हात ठेववत नव्हता. पाणीमहालाजवळ उभी राहून त्याची धाकटी मला म्हणाली, "काका, हेच का ते?" मला खरंच लई वाईट वाटलं, कारण तोच पाणीमहाल मी चांगल्या पावसाच्या वर्षी सप्टेंबरात बघितलाय, वरून नदी कोसळतेय, आपण बंधाऱ्याच्या पोटातल्या खोलीत कोरडे उभे आणि झरोक्यासमोर पाण्याचा पडदा. चारशे वर्षांपूर्वी आदिलशाहीत कुणीतरी एवढं डोकं लावून ते बांधलंय, आणि ती पोरगी मात्र कोरडी भिंत बघून घरी गेली.

तेव्हापासून मला कुणी विचारलं की ताजमहाल वर्थ आहे का, अजिंठा वर्थ आहे का, तर मी आधी उलटं विचारतो, कुठल्या महिन्यात जाताय, कुठल्या वारी, किती वाजता पोचताय आणि सोबत कोण आहे. ठिकाण अपेक्षेला उतरतं की नाही ते बरंचसं इथंच ठरतं, आणि हे सगळं घरी बसून तपासता येतं.

पहिलं काम, जो फोटो बघून तुमचं मन बसलंय तो कुठल्या महिन्यातला आहे ते शोधा. रील आज पडली म्हणजे आजची असते असं नाही. गूगल मॅपवर त्या जागेचे फोटो उघडा, लेटेस्ट लावा, आणि तुम्ही ज्या महिन्यात जाणार त्याच महिन्यातले मागच्या एक-दोन वर्षांचे फोटो खाली जाऊन बघा, पाच मिनिटांचं काम आहे. रिव्ह्यू वाचताना पाच स्टारवाले आणि एक स्टारवाले दोन्ही सोडा, तीन स्टारवाले वाचा, ती माणसं नीट सांगतात की पार्किंगपासून किती चालावं लागलं, रांग किती होती, काय बंद होतं. आणि तिथल्या कुणाला, हॉटेलवाल्याला म्हणा किंवा पाहुण्यांना, फोन कराल तेव्हा "चांगलं आहे का?" असं विचारू नका, सगळे हो चांगलंय या म्हणणार. "आज पाणी पडतंय का?", "आत सोडतायत का?" असं विचारा, त्याला हो किंवा नाही असं सरळ उत्तर मिळतं.

ताजमहालचं आमचंच घ्या. सोलापूरहून कर्नाटक एक्सप्रेस थेट आग्र्याला जाते म्हणून नाताळच्या सुट्टीत सगळे निघालो, आईची फार वर्षांची इच्छा. सकाळी लवकर गेलो कारण सगळे म्हणतात पहाटे बघा, आणि समोर नुसतं पांढरं, धुकं एवढं की दरवाजातून आत आल्यावर ताज कुठल्या दिशेला आहे ते लोकांच्या मोबाईलच्या दिशेवरून कळत होतं. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडं हे होतंच, मलाच माहिती नव्हतं. तिकीट तीन तास चालतं, त्यामुळं आम्ही घाई न करता बाकावर बसून राहिलो. साडेदहाच्या सुमाराला आधी घुमटाचं टोक दिसलं, मग हळूहळू खालचं सगळं, आणि आई काहीच बोलली नाही, नुसती माझा हात धरून बसली. तर थंडीत जाणार असाल तर पहाटेचा हट्ट सोडा, उशिरा आत जा, किंवा सरळ फेब्रुवारी-मार्च धरा. शुक्रवारी ताज बंद असतो हे लक्षात ठेवा, आणि मुख्य कबरीपर्यंत जायचं असेल तर वेगळं तिकीट आहे तेही आधीच काढा.

वाराचं भान तर ठेवायलाच पाहिजे. अजिंठा सोमवारी बंद आणि वेरूळ मंगळवारी बंद, म्हणजे रविवारी रात्री संभाजीनगरला पोचलात तर सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा, उलटं केलंत तर दोन्ही जातात. अजिंठ्याला तुमची गाडी फर्दापूरच्या फाट्यावर राहते, तिथून पुढं त्यांच्याच बसनं जायचं, त्याचाही वेळ धरा. आणि आत गेल्यावर लोक फसतात ते इथं, पुस्तकातल्या फोटोत ती चित्रं झगझगीत दिसतात आणि लेणं असतं अंधारलेलं, लोक उन्हातून येतात, दोन मिनिटं इकडं तिकडं बघतात आणि काही दिसत नाही म्हणून बाहेर. पहिल्या नंबरच्या लेण्यात पद्मपाणीसमोर जरा उभे राहा ना, डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या, मग आधी चेहरा दिसतो, मग मुकुट, मग हातातलं निळं कमळ. दीडेक हजार वर्षांचा रंग आहे तो. तीसच्या तीस लेणी उरकायच्या नादाला लागू नका, चित्रांसाठी १, २, १६ आणि १७ निवांत बघितलीत तरी दिवस सार्थकी लागतो.

फोटोत आणखी एक गोष्ट कळत नाही, ती म्हणजे साईझ. कासचं पठार बघा, फोटोत पूर्ण स्क्रीनभर फूल असतं, प्रत्यक्षात सीतेची आसवं नखाएवढी असतात, गवताच्या उंचीची, त्यासाठी खाली उकिडवं बसावं लागतं. जो गाडीतून उतरून उभ्या उभ्या बघतो त्याला माळ दिसतो, जो बसतो त्याला फुलं दिसतात. साधारण ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत सीझन, आधी ऑनलाईन बुकिंग करा कारण दिवसाला तीनच हजार माणसं सोडतात, आणि शनिवार-रविवार शक्यतो टाळाच. पॅरिसला जाणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवा, मोनालिसाचं चित्र ७७ सेंटीमीटर उंच आणि ५३ रुंद, म्हणजे आपल्या घडी घातलेल्या चादरीएवढं, काचेमागं आणि समोर ही गर्दी. त्याच दालनात समोरच्या भिंतीवर जवळजवळ दहा मीटर रुंद चित्र आहे, लग्नाच्या पंगतीचं, व्हेरोनेजेनं काढलेलं, लोकांची त्याच्याकडं पाठ असते. मोनालिसा लांबून बघा आणि मग मागं वळा.

आवाजाच्या जागा असतात त्यांचं आणखी वेगळं. विजापूरचा गोलघुमट आपल्यापासून शंभरेक किलोमीटर, आपल्यातले बहुतेक सगळे शाळेच्या ट्रिपला जाऊन आलेले असतात आणि आठवण काय तर वर सज्जात दोनशे पोरं ओरडतायत. मोठेपणी परत गेलो तेव्हा वर्किंग डे बघून, सकाळी उघडल्या उघडल्या पहिला वर चढलो. मनोऱ्यातल्या पायऱ्या अरुंद आणि उंच आहेत, गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांना आधीच सांगा, त्यांना खाली बसूनही घुमटाची उंची बघण्यासारखीच आहे. वर मुलगी पळत पलीकडच्या बाजूला गेली, मी भिंतीला कान लावला, आणि समोर एवढीशी दिसणारी पोरगी माझ्या कानात बोलल्यासारखी कुजबुजली, "पप्पा, भूक लागली." अंगावर काटा आला माझ्या. १६५६ मध्ये पूर्ण झालेली इमारत, घुमटाचा बाहेरून व्यास ४४ मीटर, हे आकडे मी आधी वाचलेले होते पण त्या दिवशी कळलं काय आहे ते. वीस मिनिटांनी एक ग्रुप शिट्ट्या मारत वर आला आणि संपलं. म्हणून अशा ठिकाणी पहिला तास तुमचा, तो चुकला तर आधी इब्राहिम रोजा बघून घ्या, मुलुख-ए-मैदान तोफ बघा, आणि दुपारच्या जेवणाच्या वेळी परत चान्स घ्या.

देवस्थानांबद्दल जास्त लिहीत नाही, तिथं हिशोब वेगळा. फक्त पंढरपूरला येणाऱ्या पाहुण्यांना आधीच विचारा, पदस्पर्श दर्शन करायचंय का मुखदर्शन चालेल, कारण वारीच्या दिवसात रांगेतच अख्खा दिवस जाऊ शकतो आणि लोक दोन तासांचा वेळ काढून येतात, मग चिडचिड होते. आणि सोलापूर बघायला येणाऱ्यांना मी मे मध्ये येऊच नका म्हणतो, पारा बेचाळीसच्या वर असतो, सिद्धेश्वर मंदिराच्या फरशीवर अनवाणी चालवत नाही. संक्रांतीला या, गड्ड्याची जत्रा, नंदीध्वज मिरवणूक, शेतात हुरडा, तेव्हाचं सोलापूर बघून कुणी नाराज होऊन गेल्याचं मला तरी आठवत नाही.

शेवटी सोलापूरजवळच्या नान्नजबद्दल, कारण हे मला सगळ्यात जास्त विचारतात. अभयारण्य माळढोकचं आहे, बोर्डावर माळढोक आहे, पण माळढोक दिसेल ही आशा धरून जाऊ नका, तो पक्षीच संपत आलाय आणि इथं तर दिसणं जवळजवळ बंद झालंय, ते मनाला लागतं. तरी जा, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, उजाडायच्या आत पोचा, दुर्बीण न्या, भडक किंवा पांढरे कपडे नकोत, वनखात्याच्या माणसाला विचारल्याशिवाय माळात उतरू नका. काळवीटांचे कळप दिसतात, हिवाळ्यात बाहेरदेशातून आलेले भोवत्या पक्षी गवतावरून अगदी खालून तरंगत जातात, आणि नशिबात असेल तर लांडगा. गाडी बंद ठेवा, मोबाईल सायलेंट, आणि किमान तासभर एका जागी थांबायची तयारी असेल तरच पोरांना घेऊन जा, कडक भाकरी आणि शेंगाचटणी डब्यात घ्या, जवळपास खायला काही मिळेल असं धरून चालू नका.