मित्रमंडळींसह काठमांडू: कमी खर्चाच्या परदेशवारीची तयारी

पहिलीच परदेशवारी असेल, पैसा मोजका असेल आणि सोबत चार-सहा मित्रमैत्रिणी असतील, तर वर्धा, यवतमाळ किंवा चंद्रपूरकडच्या गावातून निघणाऱ्यांनी बँकॉक-दुबईच्या आधी काठमांडूचा विचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. भारतीय नागरिकांना तेथे व्हिसा लागत नाही, आणि एका भारतीय रुपयाला १.६० नेपाळी रुपये हा दर १९९३ पासून कायम असल्यामुळे विनिमय दराच्या चढउताराने आखलेला खर्च बिघडत नाही.

सर्वप्रथम तारीख पक्की करावी. काठमांडूचे आकाश ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सर्वांत स्वच्छ असते, परंतु आपल्याकडे तेव्हा सोयाबीनची मळणी आणि कापसाची वेचणी एकाच वेळी अंगावर येते, आणि त्याच सुमारास तिकडे दसैं व तिहार हे मोठे सण असल्याने बसगाड्या भरलेल्या असतात. शेतीवर अवलंबून असलेल्या गटासाठी तूर विकून झाल्यानंतरचा आणि गुढीपाडव्याला सालगडी ठरवण्याआधीचा काळ अधिक सोयीचा ठरतो. महाशिवरात्रीच्या दिवसांत मात्र पशुपतिनाथाच्या दर्शनासाठी प्रचंड गर्दी लोटते. दर्शन हाच हेतू नसेल तर ते दिवस टाळावेत.

तारखेनंतर कागदपत्रांकडे वळावे, आणि येथे कोणाच्याही शब्दावर न विसंबता प्रत्येकाचे कागद एकत्र बसून तपासावेत. नेपाळ प्रवासासाठी वैध पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र लागते. १५ ते ६५ वर्षे वयाच्या व्यक्तीला आधार कार्डावर जाता येत नाही, आणि गावाकडे सर्वाधिक गैरसमज नेमका याच बाबतीत आढळतो. मतदार कार्डावरील नाव आणि तिकिटावरील नाव अक्षरशः जुळले पाहिजे. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मैत्रिणींनी हे आधी पाहावे व दुरुस्ती हवी असल्यास नमुना ८ चा अर्ज वेळेत भरावा. पासपोर्ट काढायचाच असेल तर ३६ पानांच्या साध्या पासपोर्टचे शुल्क १५०० रुपये आहे. पोलीस पडताळणीला किती दिवस लागतील हे आपल्या हाती नसल्याने तिकिटे काढण्याच्या बऱ्याच आधी अर्ज करावा.

पैशाचा विषय मैत्रीच्या भिडेखातर पुढे ढकलू नये. सर्वांत कमी ऐपतीच्या मित्राला न संकोचता जेवढे देता येईल, तेवढीच गटाची मर्यादा धरावी आणि भिशीप्रमाणे दरमहा ठरावीक रक्कम एकाकडे जमा करावी. प्रवास, मुक्काम, जेवण व स्थळांची तिकिटे एवढाच खर्च सामायिक असावा. खरेदी, मद्य आणि कॅसिनो ज्याचे त्याने पाहावे, हे निघण्यापूर्वीच सर्वांसमक्ष ठरावे. हिशोब लिहिणारा आणि पैसे बाळगणारा या दोन वेगळ्या व्यक्ती असाव्यात. परतीच्या भाड्याएवढी रक्कम प्रत्येकाने स्वतंत्र ठेवावी व तिला हात लावू नये. मोठ्या भारतीय नोटांबाबतचे नेपाळचे नियम बदलत आले आहेत, म्हणून तालुक्याच्या बँकेतून शंभराच्या नोटा मागून घ्याव्यात. २०२४ पासून तेथील अनेक दुकानांत आपले यूपीआय चालते, परंतु ॲपमधील आंतरराष्ट्रीय व्यवहाराची सोय घरूनच सुरू करून घ्यावी आणि तरीही रोख रक्कम जवळ असावी.

मार्ग निवडताना पैसा आणि रजा यांचा एकत्र विचार करावा. रजा थोडी असेल तर नागपूरहून दिल्लीमार्गे विमान हाच उपाय आहे. शेतीची कामे आटोपलेली असतील तर नागपूरहून राप्तीसागर एक्सप्रेसने गोरखपूर, तेथून बसने सोनौली आणि सीमा ओलांडून काठमांडूची बस हा मार्ग बराच स्वस्त पडतो. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते, त्या दिवशी सकाळीच तिकिटे काढावीत. शेवटचा डोंगरी टप्पा आठ-दहा तासांचा, कधी त्याहूनही लांबतो. ज्यांना गाडी लागते त्यांनी औषध जवळ ठेवावे. या मार्गाने जाणाऱ्यांनी एक दिवस लुंबिनीसाठी राखावा, असा माझा आग्रह आहे. दीक्षाभूमीच्या प्रदेशातून निघून बुद्धाच्या जन्मस्थळाच्या इतक्या जवळून न थांबता पुढे जाणे योग्य नव्हे, आणि धम्मदीक्षेनंतर साधारण महिनाभराने, नोव्हेंबर १९५६ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला उपस्थित राहिले होते, हेही गटातील तरुणांना ठाऊक असावे.

सामान कमीच असावे. सकाळ-संध्याकाळसाठी एक स्वेटर, उन्हाळ्याच्या तोंडावर वाढणाऱ्या धुळी-धुरासाठी मास्क, चालण्याचे बूट आणि वाटेसाठी तिखट-मिठाच्या पुऱ्या, जवसाची चटणी व चिवडा पुरेसा होतो.

मुक्काम ठमेल भागात घेतल्यास स्वस्त खोल्या मिळतात, मात्र रात्रीचा गोंगाट सहन होत नसेल तर बौद्धनाथ किंवा पाटण परिसर पाहावा. पाटण आणि भक्तपूरच्या दरबार चौकांत भारतीयांना इतर परदेशी पर्यटकांपेक्षा बरेच कमी शुल्क पडते, त्यासाठी ओळखपत्र खिशात असावे. पशुपतिनाथाच्या मुख्य मंदिरात चामड्याचा पट्टा किंवा पाकीट नेता येत नाही, म्हणून त्या दिवशी कापडी पिशवी घ्यावी. शाकाहारी मित्रांनी मोमो मागवताना आत काय आहे हे विचारावे, कारण ‘बफ’ म्हणजे म्हशीचे मांस. शनिवारी बँका व सरकारी कार्यालये बंद असतात, आणि नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटे पुढे असल्याने परतीच्या बसची वेळ त्याच घड्याळाने पाहावी.

निघण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येकाच्या ओळखपत्राची प्रत, मुक्कामाचा पत्ता आणि गटातील दोघांचे क्रमांक घरच्यांकडे द्यावेत. आपले सिमकार्ड रोमिंगशिवाय तेथे चालत नाही, म्हणून काठमांडूत पोहोचल्यावर गटासाठी एक स्थानिक सिम घ्यावे आणि त्यासाठी ओळखपत्राची प्रत व पासपोर्ट आकाराचा फोटो वेगळ्या पाकिटात ठेवावा.