फुलांचा मंद सुगंध लावताना या चुका टाळा

"एवढे पैसे घातले आणि वासच येत नाही," ही फुलांच्या मंद परफ्यूमबद्दलची नेहमीची तक्रार आहे. मोगरा, गुलाब किंवा चाफ्याची हलकी छटा आणि तळाशी चंदन वा कस्तुरीची ऊब असलेला हा सुगंध खोली भरून टाकण्यासाठी केलेलाच नसतो. शेजारी बसलेल्याला तो जाणवावा आणि दारातून आत येणाऱ्याला जाणवू नये, हाच त्याचा स्वभाव आहे. त्याच्याकडून घमघमाटाची अपेक्षा ठेवली की पुढच्या चुका ओघाने होत जातात.

पहिली चूक दुकानातच घडते. नागपूरच्या इतवारीत असो वा सीताबर्डीवर, कागदाच्या पट्टीवरचा फवारा आपण लगेच नाकाशी धरतो आणि निकाल देऊन मोकळे होतो. पहिल्या मिनिटाला जाणवतो तो मद्यार्क आणि लिंबूवर्गीय, चटकन उडून जाणारा वरचा थर. फुलांचा गाभा उमलायला 15-20 मिनिटे लागतात आणि तळाची ऊब त्याहून उशिरा कळते. म्हणून मनगटावर एकच फवारा घ्यावा, बाजारातली उरलेली कामे उन्हात उरकावीत आणि मगच कुपी घ्यायची की नाही ते ठरवावे.

दुसरी चूक मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण तिचा त्रास इतरांना होतो. सकाळी लावलेला सुगंध थोड्याच वेळात गेला असे वाटते, तेव्हा बहुधा तो गेलेला नसतो. आपले नाक त्याला सरावलेले असते. कृत्रिम कस्तुरीचे काही प्रकार तर काही माणसांना मुळातच जाणवत नाहीत. आतेबहिणीच्या लग्नात मी याच समजुतीने दोन तासांत तीनदा कुपी काढली, आणि पंगतीत शेजारी बसलेली मावशी काही न बोलता आपले पान उचलून पलीकडच्या जागेवर जाऊन बसली. तेव्हापासून पुन्हा फवारण्यापूर्वी मी घरातल्या कोणाला तरी हाताच्या अंतरावर उभे करून विचारते. विचारायला कोणी नसेल, तर थोडा वेळ मोकळ्या हवेत जाऊन यावे, आपला आपल्यालाच अंदाज येतो.

तिसरी चूक म्हणजे नागपूरचे ऊन विसरणे. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा 45 अंशांच्या आसपास असताना सुगंध वेगाने उडतो आणि कोरडी त्वचा त्याला धरून ठेवत नाही. आंघोळीनंतर बिनवासाचे मॉइश्चरायझर लावावे, त्यावर कोपराच्या आतल्या बाजूला आणि मानेमागे एकेक फवारा घ्यावा, आणि मनगटावर मनगट चोळू नये. घर्षणाच्या उष्णतेने वरचा नाजूक थर आणखी लवकर उडून जातो. सुती ओढणीवर सुगंध त्वचेपेक्षा अधिक काळ टिकतो, मात्र पैठणीवर कधीही फवारू नये, कारण रेशमावर डाग राहतात. ज्यांना दिवसभर बाहेर काम आहे त्यांनी कनौजच्या पारंपरिक अत्तराचा विचार अवश्य करावा. फुलांचा अर्क चंदनाच्या तेलात उतरवलेला असल्याने आणि त्यात मद्यार्क नसल्याने ते त्वचेवर सावकाश उलगडते; कानामागे फायाचा एक स्पर्श पुरतो.

वासाची पावडर, वासाचे डिओ आणि केसांचे तेल यांच्यावर मंद परफ्यूम लावला तर तो हरवणारच. केसांत मोगऱ्याचा गजरा माळला असेल, त्या दिवशी कुपी बंदच ठेवावी. ताज्या फुलांशी बरोबरी करू शकेल असा परफ्यूम मला अजून भेटलेला नाही.

शेवटची चूक साठवणीची. गच्चीखालच्या तापलेल्या खोलीत, उन्हाच्या खिडकीत किंवा गाडीत ठेवलेली कुपी उष्णता आणि प्रकाशाने बिघडते. मूळ खोक्यासह कपाटाच्या आतल्या, खालच्या कप्प्यात, साड्यांमागे ती सुरक्षित राहते. बरेच महिने न वापरलेल्या कुपीचा वास आंबूस आला, तरी ती लगेच टाकून देऊ नये. पहिला फवारा नळीत साचून राहिलेल्या द्रवाचा असतो. तो हवेत सोडून द्यावा आणि दुसऱ्यावरून पारख करावी.