जुना लॅपटॉप अडकतोय? आधी ‘कमिटेड’ बघा

आमच्या घरी एक जुना लॅपटॉप आहे. ४ जीबी रॅम, फिरती हार्ड डिस्क, विंडोज १०. मध्यंतरी त्यावर मराठी टाइप करायला घेतलं की अक्षरं दोन-दोन सेकंदांनी उमटायची आणि आतून डिस्कची कुरकुर ऐकू यायची. ‘रॅम ८५ टक्के भरलीय, म्हणून असं होतंय,’ असं जो तो सांगायचा. पण रॅम भरलेली दिसणं हा आजार नव्हे. रॅम असतेच वापरण्यासाठी; प्रोग्रॅमांची मागणी तिच्या बाहेर गेली की खरा त्रास सुरू होतो.

तेव्हा मशीन अडकलेलं असतानाच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. खिडकी छोटी आली तर ‘मोअर डिटेल्स’वर टिचकी मारा, मग ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’. तिथे ‘कमिटेड’खाली दोन आकडे दिसतात. माझ्याकडे होते ६.९/७.४ जीबी. डावा आकडा म्हणजे चालू प्रोग्रॅमांनी मागून ठेवलेली मेमरी. उजवा म्हणजे रॅम आणि पेजफाइल यांची बेरीज. पेजफाइल म्हणजे रॅममध्ये मावेना ते ठेवायला डिस्कवर राखलेली जागा. रॅम हा स्वयंपाकघरातला ओटा आणि पेजफाइल हा माळा समजा: ओट्यावर मावेना ते वर टाकायचं, लागलं की शिडी लावून काढायचं. हार्ड डिस्कची शिडी फार हळू, म्हणून ती कुरकुर.

डावा आकडा रॅमच्या बराच वर आणि ‘डिस्क’ सतत १०० टक्के, तर मेमरी खरंच अपुरी पडतेय. डावा रॅमच्या आत असूनही मशीन रखडत असेल, तर दुखणं दुसरीकडे आहे. पंखा आणि डिस्क तपासा.

उजवा आकडा जवळपास रॅमएवढाच दिसला, तर कुणीतरी पेजफाइल बंद केलीय. स्टार्टमध्ये ‘परफॉर्मन्स’ टाइप करून विंडोजचा परफॉर्मन्स बदलण्याचा पर्याय उघडा. ‘ॲडव्हान्स्ड’, मग ‘व्हर्च्युअल मेमरी’खालचं ‘चेंज’. ‘ऑटोमॅटिकली मॅनेज’वर खूण करा, रीस्टार्ट करा. इथे हाताने आकडे भरत बसू नका.

आता ‘प्रोसेसेस’मध्ये ‘मेमरी’च्या मथळ्यावर टिचकी मारा, म्हणजे खादाड मंडळी वर येतील. बहुधा ब्राउझरच पहिला असतो, टॅब आवरा. माझ्याकडे मात्र एका प्रिंटरचा मदतनीस प्रोग्रॅमही ठाण मांडून होता. तो प्रिंटर तीन वर्षांपूर्वीच भंगारात गेला होता! असे पाहुणे ‘स्टार्टअप’मध्ये जाऊन ‘डिसेबल’ करा.

एखाद्या प्रोग्रॅमला हात न लावताही त्याचा आकडा सकाळपासून संध्याकाळपर्यंत चढतच गेला, तर तो मेमरी गळतोय, म्हणजे घेतलेली जागा परत देत नाहीये. बंद करून उघडा, अपडेट करा. यादीत कुणीच मोठं नाही, तरी रॅम भरलेली? मग ‘मेमरी’च्या पानावर ‘नॉन-पेज्ड पूल’ बघा, म्हणजे विंडोज आणि ड्रायव्हर (वायफाय, प्रिंटर वगैरे चालवणारे प्रोग्रॅम) यांची माळ्यावर न जाणारी मेमरी. काहीशे एमबी ठीक. १ जीबीच्या पुढे जाऊन वाढतच असेल तर संशय ड्रायव्हरवर, त्यातही आधी वायफायच्या. आणि ‘शट डाउन’वर भिस्त ठेवू नका: ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर विंडोजचा गाभा, ड्रायव्हरांसकट, डिस्कवर जपून ठेवला जातो आणि गळतीही तशीच परत येते. ‘रीस्टार्ट’च करा.

‘रॅम बूस्टर’ ॲप्सच्या वाटेला जाऊ नका. ती ओट्यावरचं सामान माळ्यावर ढकलतात. आकडा छान दिसतो, काम आणखी रखडतं.

एवढं करूनही डावा आकडा रॅमच्या वरच राहिला, तर रॅम वाढवा. ‘स्लॉट्स यूज्ड’ १ ऑफ २ असेल तर जागा आहे. रॅमच्या पट्ट्यांच्या पिढ्या असतात, डीडीआर३, डीडीआर४ अशा; डीडीआर३च्या खाचेत डीडीआर४ बसत नाही. आणि डीडीआर३एल १.३५ व्होल्टची, साधी डीडीआर३ १.५ व्होल्टची असते, म्हणून जुन्या पट्टीवरचं लेबल वाचूनच घ्या. चार्जर आणि बॅटरी काढा, पट्टी तिरकी सरकवून खाली दाबा, दोन्ही चिमटे ‘टक’ वाजले पाहिजेत. स्क्रीन काळीच राहिली तर घाबरू नका, पट्टी काढून पुन्हा बसवा. सुरू झाल्यावर स्टार्टमधून ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ एकदा चालवा; त्याला वेळ लागतो, तोवर चहा टाका.